मांडीत बाण, तरी चाळीस कोस

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा माझ्या बायकोने पहिला प्रश्न विचारला, "हे लागट हाय का?" दुसरा विचारला, "किती दिवसात बरं होते?" पहिल्याचं उत्तर नाही असं होतं. दुसऱ्याचं उत्तर देण्याआधी डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तेव्हापासून चष्मा पुसणाऱ्या डॉक्टरची मला धास्ती आहे.

नाव लांबलचक आणि परदेशी. दवाखान्यात सगळे जीबीएस म्हणतात. शरीर आपल्याच नसांवर उलटतं, पायापासून सुरू होतं आणि वर चढत जातं, एवढं मला समजलं आणि तेवढं पुरे झालं. बाकीचं तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. ते जे सांगत नाहीत ते मी लिहितो आहे, आणि ते गोड नाही. गोड वाचायचं असेल तर वॉर्डच्या भिंतीवरचे सुविचार वाचा.

शिडी

मी स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर. शॉपच्या, म्हणजे कारखान्याच्या शेडच्या, छताखाली रुळांवर चालणारी मोठी क्रेन असते, तिच्या केबिनमध्ये शिडी चढून जायचं आणि दिवसभर वरून खालच्या लोकांची हेल्मेटं पाहायची. मला ते काम आवडायचं. वर कोणी येत नाही, कोणी बोलत नाही.

त्या आठवड्यात तळपायांना मुंग्या येत होत्या. नवीन सेफ्टी शूज मिळाले होते, मी दोष त्यांना दिला. स्टोअरवाल्याशी भांडलोसुद्धा. मग एका सकाळी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उजवा पाय ठेवायला गेलो तर तो वर आलाच नाही. मी त्याच्याकडे बघतोय, तो तिथेच. खाली उभा असलेला, क्रेनला हाताने इशारे देणारा सिग्नलमन हसून म्हणाला, "का होगे मेश्राम? बिहनिया ले चढ़ा डारे का?"

सकाळीच चढवली का, असं तो इथल्या बोलीत विचारत होता. मी जन्मात दारूला शिवलो नाही. पण पाय लटपटणाऱ्या माणसाकडे पाहून लोकांच्या मनात पहिलं तेच येतं, आणि मी शिडीवरून खाली बसलो तेव्हा आजूबाजूची चार टाळकी हसत होती. त्यांना हसून झाल्यावर मला उचलायची आठवण झाली.

संध्याकाळपर्यंत हात गेले. दुसऱ्या दिवशी चेहरा गेला. डोळे मिटेनात म्हणून सिस्टर त्यात मलम घालून पापण्यांवर चिकटपट्टी लावायची. बोलायला गेलो की लाळ गळायची.

एक गोष्ट मात्र गेली नाही. नागपूरहून आलेला माझा चुलतभाऊ पलंगाशेजारी उभा राहून माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, आता याचं काही खरं नाही. पेपर-गिपर कोठी ठेवले ते पाहून ठेवा." वर सफरचंद सोलून स्वतःच खाल्लं, त्याचा कुरकुर आवाजही मला ऐकू येत होता. हातपाय जातात, कान जात नाहीत. भेटायला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

घोड्याचं चित्र

प्रशिक माझा एकुलता एक मुलगा. आयटीआय केलं, प्लांटमध्येच अप्रेंटिसशिप केली आणि मग इथल्या पुष्कळ पोरांसारखा भरतीची वाट पाहत राहिला. सिविक सेंटरच्या बाजारातल्या एका दुकानात मोबाइलला स्क्रीनगार्ड लावतो. हात हलका आहे त्याचा, एक बुडबुडा राहू देत नाही.

चिकटपट्ट्या निघाल्या तेव्हाची गोष्ट. एका दुपारी त्याने माझ्या कानात इयरफोन घातला. "बाबा, बोर होऊन राह्यले असान नं? किताब ऐका. वाचाची झंझट नाही, कोणीतरी वाचून दाखवते." मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून तो एकेक पुस्तक सरकवू लागला. मन शांत ठेवायचे उपाय. यश मिळवायचे उपाय. मग एक घोड्याचं चित्र आलं, वर ढाल-तलवार घेतलेला गडी, मागे किल्ला. माझ्या घशातून "हुं" निघालं.

"हे? राजामहाराजाचं?"

"हुं."

तो हसला. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसला.

ती एका स्वाराची गोष्ट होती. हैबतराव त्याचं नाव. शत्रूच्या मुलखातून खलिता घेऊन एका गडावरून दुसऱ्या गडावर पोचवायचा, एवढंच त्याचं काम. वाचणाऱ्याचा आवाज असा भरदार की घोडा उधळला की माझ्या पलंगाची दांडी थरथरतेय असं वाटायचं. पन्नाशी उलटलेला मी, जन्म या हिंदी मुलखातला, मराठी शाळा कधी पाहिली नाही, शिकलो सगळं हिंदीत. मराठी म्हणजे घरात बोलायची भाषा. ती एवढी दणदणीत असते हे मला आजारी पडून कळलं. मला तुफान मजा आली. अंगाखाली बेडपॅन आणि कानात रणधुमाळी, पण मजा ती मजाच.

शेजारच्या घरातला गजभिये, आमच्या बुद्धविहाराचा सेक्रेटरी, बघायला आला आणि नाक मुरडून म्हणाला, "का रे, हे काहाले ऐकतं राजेरजवाड्याचं? आपलं काय हाय त्याच्यात?"

आपलं होतं. आपल्याच समाजाचा भिकनाक नावाचा वेसकर होता, गडाच्या दरवाज्यावरचा राखणदार. हैबतराव आत शिरावा म्हणून तो एकट्याने दरवाजा धरून ठेवतो आणि मरतो. लेखकाने त्याला दीड वाक्य दिलं होतं. तेवढं मी प्रशिककडून तीनदा लावून घेतलं. पण खरं सांगू? मला दरवाजा नको होता, मला घोडा पाहिजे होता. पडून राहिलेल्या माणसाला दौडणारं काहीतरी लागतं. गजभियेला हे सांगायला तेव्हा माझं तोंड चालत नव्हतं, म्हणून आता लिहिलं.

दस और

मग व्यायाम सुरू झाला. लोकांना वाटतं औषधाने माणूस बरा होतो. औषधाने आजार थांबतो. बरं व्हायला अंगठा हलवावा लागतो, आणि अंगठा हलत नाही. फिजिओथेरपीच्या मॅडम केरळच्या, हिंदी बोलायच्या. माझा पाय हातात धरून म्हणायच्या, "अंकल, अब आप उठाइए." मी घामाने भिजून जायचो आणि पाय गादीवर तसाच. मॅडम म्हणायच्या, "बहुत अच्छा! दस और." काय बहुत अच्छा? काही झालंच नव्हतं.

तेव्हा मी एक नियम केला. व्यायाम करताना गोष्ट चालू, व्यायाम थांबला की गोष्ट बंद. हैबतराव दरीच्या काठावर आहे, मागे वीस स्वार लागलेत, आणि पुढचं ऐकायचं तर पाय उचल. आळशी बैलाला पुढे गवत दाखवतात, तसं मी मला दाखवलं. तोवर माझी वाचा परत आली होती. मॅडम दमायच्या, मी म्हणायचो, "रुको मॅडम, वो नदी में कूद गया है." पाठलाग चालू असताना मी कधीच थांबलो नाही. पहिल्यांदा टाच गादीवरून सुटली ती एका तटबंदीवर शिड्या लावल्या जात असताना. मी रडलो, आणि चेहरा वाकडा असल्यामुळे मॅडमना वाटलं हसतोय.

या पुस्तकांवर माझा रागही आहे, तो सांगतो. हैबतरावाच्या मांडीत बाण घुसला आणि गडी तसाच चाळीस कोस दौडला. पुढच्या प्रकरणाची सुरुवात: "तीन महिन्यांत जखम भरली." झालं! घोड्यावर स्वार! अरे, ते तीन महिने कुठे गेले? त्याला संडासला कोणी नेलं? त्याची बायको कोणावर खेकसली? लिहिणाऱ्याने एका ओळीत उरकलं ते मी मिनिट मिनिट भोगत होतो, पायाला वाळूची पिशवी बांधून. मी हैबतरावाला आईमाईवरून शिव्या दिल्या आणि पुढचं प्रकरण लावलं.

डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. आता नसा परत येतायत, या महिन्यांत मेहनत केली तर पाय मिळतील. आळस केला तर जे राहील ते राहील. ही गोष्ट त्यांनी माझ्या बायकोपुढे आणि मुलापुढे सांगितली.

माया

आम्ही रिसालीला, प्लांटच्या कॉलनीतल्या आमच्या घरी आलो. माझी बायको सुजाता सुरुवातीला जल्लादासारखी होती. ताट लांब ठेवायची. "घ्या सरकून. मी काय जन्माची भरवाले बसली का?" मी शिव्या घालत सरकायचो. तिच्या त्या कडकपणामुळे मी वॉकर धरून उभा राहिलो, हे तिचं श्रेय आहे आणि ते मी मान्य करतो.

मग ती अचानक बदलली. ताट मांडीवर येऊ लागलं. "राहू द्या आज, थकले असान." वॉकर पलंगाच्या मागे जाऊ लागला. मला संडासला चालत जाता येत असताना ती भांडं घेऊन यायची. केसांतून हात फिरवायची. तीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्या केसांतून हात फिरवला नव्हता. माया वाढली तसा मी घाबरलो.

घरी व्यायाम घ्यायला येणाऱ्या मॅडमही यायच्या बंद झाल्या. प्रशिक म्हणाला, "त्याईची तब्येत ठीक नाही, बाबा." माझी बोटं तोवर फोन लावण्याइतकी आली होती. मी लावला. मॅडम म्हणाल्या, "अंकल, मैं तो ठीक हूँ. आपके बेटे ने मना किया. बोले, अब ज़रूरत नहीं."

प्लांटच्या कॉलन्यांमध्ये राहिलेल्यांना पुढचं सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. इथे एक गोष्ट घरोघरी बोलली जाते: बाप मेडिकल बोर्डात, म्हणजे प्लांटच्या डॉक्टरांच्या तपासणीत, कायमचा अनफिट ठरला तर पोराला त्याच्या जागी नोकरी लागते. गजभिये अशी दोन घरं बोटावर मोजून दाखवायचा. नेमका नियम काय, कोणाला लागू, हे मी कधी कोणाला विचारलं नाही आणि माझ्या घरातही कोणी विचारलं नव्हतं. ऐकीव गोष्टीवर अख्खं घर उभं होतं. माझा बोर्ड जवळ आला होता.

मी सुजाताला समोर बसवलं. "मॅडमले कावून बंद केलं?"

ती भाजी निवडत राहिली. मग एकदम म्हणाली, "त्याचं वय निघून जाऊन राह्यलं. कोणी पोरगी देऊन नाही राह्यलं. दुकानात स्क्रीनगार्ड लावते म्हटलं का लोक चहा पिऊन निघून जातेत. तुमचं काय, तुमचे त झाले दिवस. तुमी उभे झाले त तो बसला समजा."

"म्हणजे मी पडून राहू?"

"जन्मभर नाही म्हणून राह्यली मी. बोर्ड होयेपर्यंत. मंग चाला नं किती चालाचं ते."

"डॉक्टर काय म्हणे ते आयकलं होतं नं तू?"

"आयकलं होतं," ती म्हणाली. तिने खोटं बोलायला पाहिजे होतं. विसरली असं म्हणाली असती तर मी तिला माफ केलं असतं.

संध्याकाळी प्रशिक आला. त्याला आईने सांगितलं असावं. दारातच उभा राहून म्हणाला, "बाबा, मी तुमाले मरा थोडी म्हणून राह्यलो. थोडे दिन की बात है." आणि आत जाऊन जेवला. मी त्याच्या जेवण्याचा आवाज ऐकत बसलो. त्याच्यावर राग यावा म्हणून मी खूप प्रयत्न केला. आला नाही. दुःख झालं, ते जास्त वाईट.

अंगणातली दौड

मी बंड केलं असं कोणी समजू नये. मी फक्त गोष्ट ऐकणं सोडलं नाही, आणि माझ्या नियमाप्रमाणे गोष्ट व्यायामाशिवाय चालत नव्हती. हैबतरावाचं पुस्तक संपलं होतं, दुसरं लागलं होतं, समुद्रावरच्या लढायांचं. मी पलंगाची कड धरून उठबस करायचो, मागच्या अंगणात भिंत धरून चालायचो. सुजाताने इयरफोन कुठेतरी ठेवून दिला. मी मोबाइलचा आवाज पूर्ण मोठा केला. सकाळी आमच्या गल्लीत तोफा डागल्या जायच्या.

"बंद करा ते धडामधुडूम!" ती स्वयंपाकघरातून ओरडायची. मी अजून एक फेरी मारायचो.

एकदा वॉकर घेऊन फाटकाबाहेर गेलो. गजभियेने मला पाहिलं आणि चोर पकडल्यासारखा धावत आला. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "अरे पागल झाला का बे? लोक पाह्यतेत. बोर्डापर्यंत तरी घरात बस नं!" आणि माझा दंड धरून मला आत नेऊन सोडलं. मी चालत होतो, यावर तो एक शब्द बोलला नाही. कोणीच बोललं नाही. महिनोन्‌महिने झगडून मी पाय परत आणले आणि माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला त्याचा आनंद झाला नाही. जे हे वाचत पडून असतील त्यांना मी एवढंच सांगतो, टाळ्यांची वाट पाहू नका. टाळ्या कधी वाजत नाहीत. व्यायाम करा.

बोर्ड

बोर्डाच्या दिवशी सुजाताने मला दाढी करू दिली नाही. ढगळा जुना शर्ट मला घातला. खरं म्हणजे काय करायचं हे माझं तोवर ठरलं नव्हतं. दवाखान्याच्या दारात प्रशिकने व्हीलचेअर आणली, मी तिच्यात बसलो. लांबच लांब कॉरिडॉरमधून तो मला ढकलत नेऊ लागला आणि मला त्याचा श्वास मानेवर लागत होता. तो लहान असताना मी त्याला सायकलच्या दांडीवर बसवून असाच नेत असे. माझ्या मनात आलं, बसू या ना. काय जातंय? क्रेनवर तर मला आता कोणी चढू देणार नाही. पाच-सहा वर्षांनी रिटायर होणार. पोराचं अख्खं आयुष्य पडलंय.

आत तीन डॉक्टर होते. मधल्याने कागद चाळत विचारलं, "चल पाते हैं?"

प्रशिक म्हणाला, "नहीं सर. बिल्कुल नहीं."

त्याने ते इतक्या सहज म्हटलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं होतं, निदान त्याला अवघड जात असेल.

मी पोराचा विचार केला नाही असं कोणी म्हणू नये. केला, पूर्ण केला. आणि उभा राहिलो.

खुर्चीचे दांडे धरून उठलो, दांडे सोडले, खिडकीपर्यंत चाललो, वळलो आणि परत आलो. वळताना झोक गेला, पण पडलो नाही. डावीकडचे डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले होते. मधले म्हणाले, "अरे वाह! कितने महीने में?" त्यांनी पायरी चढायला लावली, बोटं आवळायला लावली. त्या खोलीत मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. कुठल्याही पुस्तकातल्या कुठल्याही गडावर कोणाला झाला नसेल एवढा झाला. प्रशिक रिकामी व्हीलचेअर धरून उभा होता.

निकाल आला: फिट. हलकं काम, क्रेन कायमची बंद.

घरी सुजाताने एकच शब्द विचारला. "जिंकले?" मी हो म्हणालो. ती चूल पेटवायला गेली आणि त्या दिवशी तिने माझ्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं. का केलं, कोण जाणे. मला ते गिळवलं नाही.

ड्यूटी

आता मी शॉपच्या ऑफिसात बसतो. एंट्र्या करतो, चहा मागवतो. खिडकीतून माझी क्रेन दिसते, दुसरा ऑपरेटर चालवतो. बरा चालवतो. सकाळी व्यायाम अजून करतो आणि गोष्टी अजून ऐकतो, सध्या एका वाटसरूची आहे जो लुटारूंच्या टोळीत शिरतो. छान आहे. माझ्या नसा पूर्ण आल्या नाहीत, तळपाय अजून बधिर आहेत, डावा डोळा नीट मिटत नाही. डॉक्टर म्हणतात, जे यायचं होतं ते आलं.

गाडी चालवायची मात्र मला परवानगी नाही. त्यामुळे रोज सकाळी प्रशिक मला स्कूटरवर बसवून प्लांटच्या गेटपर्यंत सोडतो, मग सिविक सेंटरला दुकान उघडायला जातो. बोर्डापासून तो माझ्याशी भांडला नाही, ओरडला नाही, वेळ चुकवली नाही. पावसातसुद्धा आला. गेटवर शिफ्टची गर्दी असते, त्याच्याबरोबर अप्रेंटिसशिप केलेली एक-दोन पोरं, ज्यांना नोकरी लागली, आत जाताना त्याला हात करतात. तो हात करतो.

मला उतरायला वेळ लागतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून आधी एक पाय, मग दुसरा, मग जमीन पायाखाली आहे की नाही ते डोळ्यांनी पाहावं लागतं, कारण तळव्यांना ते कळत नाही. तेवढा वेळ माझा हात त्याच्या खांद्यावर असतो. तो समोर बघत थांबतो, इंजिन चालू ठेवून. मी नीट उभा राहिल्यावरही हात थोडा वेळ तिथेच राहतो, हे मला माहीत आहे.

"बाबा," तो म्हणतो, "हात काढा आता."